‘तालमीत’ कोशात सापडले पाहिजे: मराठी भाषा विभागाला खुले पत्र

प्रति,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच मराठीचे संगणकीय कोश सिद्ध करणाऱ्या संस्था, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि स्वयंसेवक यांस,

विषय: संगणकीय कोशांत शब्दांची रूपे आणि व्याकरणाचे तक्ते नोंदवण्याची पद्धत

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात मुद्रितशोधनाचे काम करतो आणि उरलेल्या वेळात मुक्त कोशांसाठी मराठी शब्दांच्या नोंदी तयार करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जाला साजेसे काय काय करायला हवे, याचा विचार आपल्याकडे होत असताना, वरवर किरकोळ वाटणाऱ्या परंतु माझ्या मते पुढच्या सगळ्या भाषिक साधनांचा पाया ठरणाऱ्या एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मराठी शब्द वाक्यात येताना आपले रूप बदलतो. ही बदललेली रूपे संगणकीय कोशात मूळ नोंदीशी जोडलेली, व्याकरणाच्या खुणा लावलेली आणि शोधता येणारी माहिती म्हणून असली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे. मी पाहिलेल्या बहुतेक मराठी कोशांत ती एकतर नाहीतच, किंवा असलीच तर केवळ डोळ्यांनी पाहण्यापुरता एक तक्ता म्हणून आहेत.

आमच्या शहरातला रोजचा शब्द घेतो. कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी आहेत, आणि इथल्या बातम्यांत ‘तालमीत’, ‘तालमींनी’, ‘तालमीच्या’ ही रूपे सतत येतात. मोबाईलवर बातमी वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा नव्याने मराठी शिकणाऱ्या माणसाने ‘तालमीत’ या शब्दावर बोट ठेवले, तर कोशाचा प्रोग्राम अक्षरशः तीच अक्षरे शीर्षशब्दांच्या यादीत शोधतो आणि ‘शब्द सापडला नाही’ असे सांगून मोकळा होतो. कोशात ‘तालीम’ आहे, तिचा अर्थही उत्तम दिलेला आहे, पण त्या दोघांची गाठ पडत नाही. काही प्रोग्राम शेवटची अक्षरे एकेक करून कापून पाहतात. ‘त’ काढला की ‘तालमी’ उरते, वेलांटी काढली की ‘तालम’ उरते, आणि तिथून ‘तालीम’पर्यंत जाण्याची वाट त्यांना ठाऊक नसते, कारण शब्दाच्या मधल्या ‘ली’ची वेलांटीच गळून गेलेली असते.

यावर कुणी म्हणेल की नियम शिकवला की झाले. नियम तर आहेच: अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ ईकार किंवा ऊकार सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे जे रूप होते त्यात, ऱ्हस्व होतो. त्या नियमाने ‘जमीन’चे ‘जमिनीत’, ‘विहीर’चे ‘विहिरीत’, ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होते, आणि ‘तालीम’चे ‘तालिमीत’ व्हायला हवे होते. ते होत नाही. ‘पीठ’ या शब्दाने तर अडचण आणखी स्पष्ट होते. गिरणीवरून आणलेले पीठ असेल तर ‘पिठात’, पण ‘विद्यापीठ’ तत्सम असल्यामुळे ‘विद्यापीठात’. म्हणजे शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे की नाही, हे कळल्याशिवाय यंत्राला वेलांटी ठरवता येत नाही, आणि ही माहिती शब्दाच्या अक्षरांत कुठेही लिहिलेली नसते. आमच्या गावाच्या नावाचेही तेच. ‘कोल्हापूरला’, ‘कोल्हापूरचा’, ‘कोल्हापूरहून’ यांत ‘पू’ दीर्घ, आणि ‘कोल्हापुरात’मध्ये ऱ्हस्व.

स्त्रीलिंगी अकारान्त नामे हा या विषयातला सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘वाट’चे अनेकवचन ‘वाटा’ आणि सामान्यरूप ‘वाटे-’, पण ‘भिंत’चे अनेकवचन ‘भिंती’ आणि सामान्यरूप ‘भिंती-’. ‘पेठ’ पहिल्या गटात जाते, म्हणून आपण ‘मंगळवार पेठेत’ म्हणतो; ‘चूल’ दुसऱ्या गटात, म्हणून ‘चुलीत’. ‘चप्पल’ पहिल्या गटातली, शिवाय तिच्यातले द्वित्तही जाते आणि ‘चपलेला’ होते. ‘रक्कम’चे तसेच ‘रकमेला’. ‘वेस’ दुसऱ्या गटातली, आणि तिथे ‘स’चा ‘श’ होऊन ‘वेशीवर’ होते. कोणता शब्द कोणत्या गटात, हे शब्दाच्या घडणीवरून सांगता येईल असा नियम माझ्या पाहण्यात नाही. मराठी माणसाला ते कानाने कळते. यंत्राला कान नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दासाठी ते लिहूनच ठेवावे लागेल, आणि लिहून ठेवण्याची जागा कोश हीच आहे.

जुन्या कोशकारांनी हे केले नाही म्हणून त्यांना बोल लावणे मात्र अन्यायाचे ठरेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. शब्दापुढे लिंग लिहिले की वाचणारा बाकीचे जाणतो किंवा व्याकरणाच्या पुस्तकात पाहतो, असे धरून चालणे छापील ग्रंथात योग्यच होते, कारण तिथे प्रत्येक ओळीला कागद आणि पैसा लागत होता. व्याकरणाची पुस्तकेही होती: दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे आणि मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चे. दामल्यांनी सामान्यरूपाचा जो सविस्तर विचार केला आहे तो आजही कामाचा आहे. मात्र कोश एका कपाटात आणि व्याकरण दुसऱ्या कपाटात, ही व्यवस्था दोन्ही वाचणाऱ्या माणसासाठी होती. संगणकावर कोश आणताना आपण फक्त पहिले कपाट उघडले, आणि त्यामुळे शब्द आला पण त्याचे चलनवलन मागेच राहिले.

आता ही रूपे नोंदवायची कशी, हा प्रश्न. जगातल्या कोशकारांनी त्यावर बराच विचार केलेला आहे. ढोबळपणे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रत्येक शब्दाची सर्व रूपे उलगडून यादीत मांडण्याचा, आणि दुसरा शब्दाला एका वर्गाचे नाव देऊन त्या वर्गाचे नियम वेगळे लिहिण्याचा. कोशांच्या संगणकीय रचनेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २४६१३ या मानकात, म्हणजे लेक्सिकल मार्कअप फ्रेमवर्कमध्ये, या दोन्ही मार्गांना जागा ठेवलेली होती. स्टारडिक्ट या साध्या आणि सर्वत्र चालणाऱ्या कोशप्रकारात पहिला मार्ग अगदी सोपा आहे: मुख्य कोशाबरोबर एक जोडफाईल ठेवता येते, तिच्यात प्रत्येक रूप आणि त्यापुढे ते ज्या नोंदीकडे न्यायचे तिचा क्रमांक असतो. ‘तालमीत’ समोर ‘तालीम’चा क्रमांक लिहिला की काम झाले. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर २०१८ पासून शब्दांच्या नोंदी ठेवता येतात आणि तिथे प्रत्येक रूपाला स्वतंत्र ओळख व व्याकरणाच्या खुणा देता येतात. मजकूर संगणकावर खुणा लावून साठवण्यासाठी केलेल्या टीईआयच्या मार्गदर्शक तत्त्वांतही शीर्षरूप आणि विकाररूप वेगळे दाखवण्याची सोय आहे. म्हणजे साधनांची उणीव नाही.

परंतु मराठीसाठी केवळ पहिला मार्ग पुरणार नाही, हे आपण आरंभीच मान्य करावे असे मला वाटते. आपल्या भाषेत प्रत्ययावर प्रत्यय चढतात. ‘तालमीतल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे. त्यात सामान्यरूप, ‘त’, ‘ल्या’, अनेकवचनाचा अनुस्वार, ‘ना’ आणि ‘सुद्धा’ एकापुढे एक बसले आहेत. ‘चा’ हा प्रत्यय लागला की तो पुन्हा विशेषणासारखा चालतो आणि ‘चा, ची, चे, च्या’ अशी स्वतःची रूपे घेतो, त्यांच्यामागून ‘साठी’, ‘बरोबर’, ‘पेक्षा’ येतात, आणि सर्वांत शेवटी ‘च’ किंवा ‘ही’. ही सगळी रूपे एकेका नामासाठी लिहून काढायची म्हटले तर यादी अवाढव्य होते आणि तरीही अपुरी राहते. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शुद्धलेखन तपासण्यासाठी वापरली जाणारी हनस्पेल ही प्रणाली मुळात हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेसाठी घडली, आणि तिच्यातही मागचे प्रत्यय दोनच पायऱ्यांपर्यंत सोडवता येतात. ‘तालमीतल्यांनासुद्धा’ला त्याहून अधिक पायऱ्या लागतात, म्हणून तिथे काही प्रत्ययांचे जोड आधीच एकत्र बांधून द्यावे लागतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मराठी कोशाने प्रत्येक नामासाठी लिंगाबरोबर एकवचनाचे सामान्यरूप, प्रथमेचे अनेकवचन आणि अनेकवचनाचे सामान्यरूप ही तीन अंगे प्रत्यक्ष लिहून द्यावीत. ‘तालीम’पुढे ‘तालमी-’, ‘तालमी’ आणि ‘तालमीं-’ एवढे असले की त्यापुढची विभक्तीची आणि शब्दयोगी अव्ययांची सगळी जुळणी यंत्र करू शकते, कारण ती जुळणी बव्हंशी नियमित आहे. अनियमितपणा जवळजवळ सगळा या तीन अंगांतच साठलेला असतो. तो माणसाने तपासून लिहावा, उरलेले यंत्रावर सोपवावे, आणि यंत्राने जुळवलेली नेहमीची रूपे एका वेगळ्या फाईलमध्ये उलगडून ठेवावीत, म्हणजे साध्या प्रोग्रामनाही त्यांचा उपयोग होईल.

याच तीन अंगांमुळे एरवी सरमिसळ होणाऱ्या नोंदीही वेगळ्या होतात. ‘माळ’ हा शब्द दोनदा शीर्षशब्द म्हणून येतो. ‘माळेत’ म्हटले की मण्यांची माळ आणि ‘माळावर’ म्हटले की मोकळे रान. ‘पाठीवर’ आणि ‘पाठावर’ यांचेही तसेच. उलट ‘वाटा’ हे एकच रूप तीन नोंदींकडे जाते: वाट या नामाचे अनेकवचन, वाटा म्हणजे हिस्सा, आणि वाटणे या क्रियापदाचा आज्ञार्थ. तेव्हा एका रूपाला एकाच नोंदीकडे नेणारी रचना मराठीला चालणार नाही, आणि प्रत्येक नोंदीला न बदलणारा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय ही जोडणी टिकणार नाही.

तक्त्यांविषयी दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आपण शाळेत पाठ केलेला प्रथमा ते संबोधन हा तक्ता संस्कृतच्या साच्यावर बेतलेला आहे. शिकवण्यासाठी तो वापरला जातो आणि जावा, पण माहिती साठवण्यासाठी तो जसाच्या तसा घेतला तर ‘घराला’ हे रूप द्वितीयेत एकदा आणि चतुर्थीत पुन्हा एकदा नोंदवले जाते, आणि एकाच रूपाच्या दोन नोंदी पुढे एकमेकींपासून वेगळ्या होत जातात. रूप एकदाच नोंदवावे, त्याला लागू पडतील त्या सर्व खुणा लावाव्यात, आणि आठ ओळींचा तक्ता हवा असेल तेव्हा तो त्या माहितीतून तयार करून दाखवावा. दुसरी गोष्ट तक्त्याच्या चित्राची. चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीनरीडर तो वाचू शकत नाही. तक्त्याच्या प्रत्येक घराला आपल्या ओळीचा आणि स्तंभाचा मथळा नीट जोडलेला असेल, तरच ऐकणाऱ्याला ‘अनेकवचन, सप्तमी, तालमींत’ असे सुसंगत कळते.

क्रियापदांचे तक्ते करताना दुसऱ्या भाषेचे साचे उसने आणण्याचा मोह विशेष टाळला पाहिजे. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, त्यामुळे सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळाचा तक्ता कर्त्याच्या पुरुषावर उभा केला तर तो बहुतांशी चुकीचा होतो. शिवाय भूतकाळाचे अंग प्रत्येक धातूसाठी लिहून द्यावे लागते: बसणे-बसला, पण पळणे-पळाला, मागणे-मागितला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला, आणि करणे, जाणे, येणे, होणे यांची केला, गेला, आला, झाला ही रूपे तर मूळ शब्दावरून ओळखताही येत नाहीत. विशेषणांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण ‘चांगला’सारखी आकारान्त विशेषणे बदलतात आणि उरलेली बहुतेक तशीच राहतात.

कोल्हापूरकर म्हणून इथे एक आग्रहाची मागणी करतो. आमच्या भागात अनेक मुली आणि बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे अगदी सहज म्हणतात. प्रमाण भाषेच्या तक्त्यात प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी रूप ‘येते’, ‘जाते’ एवढेच असते. तक्त्याच्या एका घरात एकच रूप बसेल अशी रचना आपण ठरवली, तर या बोलीला त्या घरात प्रवेशच राहत नाही, आणि मग त्यावर चालणारा तपासनीस आमच्या मुलींच्या तोंडची भाषा चूक ठरवतो. एका घरात अनेक रूपे, आणि प्रत्येक रूपाला प्रदेशाची व शैलीची खूण, ही सोय आरंभापासूनच हवी. ‘केले’ आणि ‘केलं’ या दोन्ही लेखनरूपांसाठीही तीच लागेल, आणि ‘बस’, ‘फाईल’ अशा शब्दांच्या अनेकवचनांत आज जी वेगवेगळी रूपे चालतात त्यांच्यासाठीही.

काळाची खूण तितकीच आवश्यक आहे. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत सप्तमीच्या एकवचनावरही अनुस्वार असे: ‘घरांत’ म्हणजे एका घरात. आज ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. आमच्याकडे १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांतले जुने ग्रंथ उद्या संगणकावर वाचायला आणि शोधायला मिळावेत असे आपल्याला वाटत असेल, तर ‘घरांत’ हे रूप जुन्या लेखनात एकवचन आणि नव्या लेखनात अनेकवचन आहे, हे कोशाला सांगता आले पाहिजे. तसे झाले नाही, तर जुन्या मजकुरातल्या एकवचनांची गणती यंत्र अनेकवचनांत करील, आणि त्यावर आधारलेला कोणताही अभ्यास चुकेल.

शेवटचा मुद्दा अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचा. तो तांत्रिक आहे, तरी व्याकरणाशी थेट भिडतो. आचार्यांना दिलेला मान ‘आचार्यांना’ आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला दिलेला ‘आचाऱ्यांना’. समुद्र तो ‘दर्या’ आणि दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हा ऱ्या दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेले एकच अक्षर एकसारखे करणाऱ्या युनिकोडच्या सामान्यीकरणानेही हा फरक मिटत नाही. त्यातच शोध सोपा करण्यासाठी काही प्रोग्राम न दिसणारी चिन्हे पुसून टाकतात, आणि त्या क्षणी आचाऱ्याचा आचार्य होतो. पहिली रीतही सर्वस्वी निर्धोक नाही: युनिकोडच्या हिशोबात ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा विलग होऊ शकतो, त्यामुळे हिंदीसाठी नुक्ते गाळणारा प्रोग्राम मराठीवर चालवला की पुन्हा तोच घोटाळा होतो. कोशाने साठवणीसाठी एकच रीत ठरवावी, शोधताना दोन्ही स्वीकाराव्यात, आणि साध्या ‘र’ व ‘ऱ’ यांतला भेद कोणत्याही टप्प्यावर पुसला जाऊ देऊ नये. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे. २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, परंतु त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला मजकूर आजही भरपूर आहे.

मराठी भाषा विभागाकडे माझी विनंती ही, की शासनाच्या पैशातून यापुढे जो कोश संगणकावर येईल त्याच्या कार्यादेशातच नामांची तीन अंगे, धातूंचे भूतकाळाचे अंग, नोंदींचे स्थिर क्रमांक आणि ‘ऱ’ची ठरलेली रीत यांचा समावेश करावा, आणि तयार झालेली मूळ माहिती, फक्त संकेतस्थळाचे पान नव्हे, कुणालाही उतरवून घेता येईल व वापरता येईल अशा परवान्याखाली खुली करावी. विद्यापीठांच्या मराठी विभागांना विनंती ही, की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका शब्दवर्गाची तपासणी द्यावी. आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात तर प्रमाण मराठी आणि भोवतालची बोली या दोन्ही कानांवर असलेले विद्यार्थी सहज मिळतील. सुरुवात स्त्रीलिंगी अकारान्त नामांपासून करावी, कारण तिथे नियम सर्वांत कमी मदत करतात आणि माणसाच्या कानाची गरज सर्वांत अधिक असते. या नामांची मी जमवत आलेली यादी, अनेकवचन आणि सामान्यरूपासह, तपासणीसाठी आणि पुढील वापरासाठी कोणत्याही अटीविना आपल्या हवाली करण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक मुद्रितशोधक